अळणी

बरक्याच्या कारखान्यात समुद्र आत येतो
रात्रपाळीलाही, न थांबता.
मी त्याचा घोटभर नमुना काचेच्या नळीत घेते,
दिव्यासमोर धरते,
गढूळपणाचा आकडा वहीत लिहिते.
संगणक आहे. तरी वहीत.
ही सवय आईची.

आई रोज सकाळी माझी लघवी नळीत घ्यायची,
चिपळूणच्या मोरीत, झरोक्याच्या उजेडात.
आम्लाचे चार थेंब, आणि थांबायची.
नितळ राहिली तर देवापुढे साखर.
दुधासारखी नासली तर
काही बोलायची नाही, नळी पुन्हा विसळायची,
जणू चूक काचेचीच.
वहीत: निल, निल, ट्रेस, निल, दोन प्लस,
मग एका मंगळवारी तीन प्लस,
आणि त्याखाली पेन दाबल्याचा खड्डा
चार पानं खोल.

मग पांढऱ्या गोळ्या. आधी रोज, पुढे दिवसाआड.
गाल भाकरीसारखे टम्म.
भूक अशी की रात्री उठून
कच्च्या पोह्यांचे बकाणे भरायचे.
आणि आमटी अळणी, भात अळणी, सणाची पुरीही अळणी.
इतरांच्या ताटात लोणचं,
माझ्या ताटात त्याचा वास.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मी कशाला जागायचं, कोण जाणे.

तेराव्या वर्षी आजार गेला.
डॉक्टरांनी फाइल मिटली, बाबांनी पेढे वाटले.
पण तो गेला भाडेकरू जातो तसा.
खिळे भिंतीतच राहिले.

उंची चार फूट सात. तिथेच.
एकोणतिसाव्या वर्षी मोतीबिंदू.
मस्कतला डोळ्यांच्या रांगेत एका ओमानी आजोबांनी
मला खजूर दिला आणि विचारलं,
कुणाला घेऊन आलीस, बाळ?
डावा खुबा एसी लागला की बोलायला लागतो.
रक्तदाबाची एक गोळी, हाडांची एक,
आणि नवव्या वर्षी आठ आठवडे घेतलेलं एक औषध
ज्याचं नाव मी लग्नाच्या दोन बैठकांत
स्पष्ट, न अडखळता सांगितलं,
त्याने पुढे काय होऊ शकतं तेही.
दोन्ही वेळा चहा गार झाला.
तिसरी बैठक झाली नाही.

कारखान्यातले पडदे काही वर्षांनी बदलतात.
धुऊन धुऊन थकलेल्यांचा ढीग
मागच्या कुंपणाशी, खारट उन्हात.
त्या बाजूने मी फारशी जात नाही.

गेल्या सोमवारी, रक्ततपासणीच्या खिडकीपाशी,
शेजारी एक बलुची बाई,
मांडीवर सहा-सात वर्षांची मुलगी.
नाव माहगंज.
माह म्हणजे चंद्र, बाई मोडक्या हिंदीत म्हणाली
आणि एकदम गप्प झाली,
कारण मुलीचा चेहरा खरंच तसा झाला होता,
गोल, तुकतुकीत, डोळे गालांत बुडालेले.
मला तो चेहरा आतून पाठ होता.

थोड्या वेळाने तिने विचारलं,
तुलाही हेच होतं ना लहानपणी?
मग ही... मोठी होईल ना?

सांगण्यासारखं पुष्कळ होतं.
हाडं तपासत राहा. डोळे दरवर्षी दाखवा.
आता औषधं सुधारलीत, डोस कमी असतात.
वही ठेवा, पण पेन इतकं दाबू नका.

मी नुसती उभी राहिले.
बाईने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.
त्याला फार वेळ लागला नाही.

माहगंज मांडीवरून उतरली,
माझ्या शेजारी येऊन टाचा उंचावून मोजलं तिने,
माझ्या कोपराच्याही वर पोचली. खूश झाली.
मग आईच्या कानात काहीतरी कुजबुजली.
बाई ओशाळून हसली:
विचारतेय, तुला चिप्स खाता येतात का?

येतात की, मी म्हटलं. कधीकधी.

खरं तर रोज खाते.
रात्रपाळीला, एक छोटं पाकीट,
एकेक चिप झटकून,
मीठ खाली पाडत.