प्रश्न सातवा

तिबिलिसीहून आणलेला फॉर्म
नाझिब्रोलाने शेगडीच्या उजेडात धरला.
प्रश्न सातवा: प्रशिक्षण कुठे, किती आठवडे?
लिहा, म्हणाली, एकतीस हिवाळे.
कपाट उघडताना श्वास रोखायचा
हे सासऱ्याने शिकवलं,
नुसतं खाकरून.

मी पर्याय वाचत गेले.
पदविका. कार्यशाळा. इतर.

तुमच्या त्या अभ्यासक्रमांत, तिने विचारलं,
हे असतं का हो –
रात्री दोघे भाऊ दार ठोठावतात,
कुरणाच्या भांडणात शपथ घ्यायची म्हणून
काचेमागचा चांदीचा संत जॉर्ज मागतात.
नोंदवहीत तो क्रमांक एकशे चार.
द्यायचा?

बाहेर बर्फ कौलांवरून घसरला.
तुम्ही काय केलंत?

हातमोजे दिले.
एकच जोडी होती संग्रहालयाची.
एकेक घातला दोघांनी.