एकशेवीस बाय पन्नास

ओताकारने माशाचं नाव नंतर विचारलं.
आधी म्हणाला, "भिंत किती लांब आहे?"
आणि दुकानाच्या फरशीवर खडूने चौकोन काढला,
एकशेवीस बाय पन्नास.
"उंचीचं सोडा, ती पाहुण्यांना दाखवायला असते.
मासा लांबीवर जगतो."

माझ्याकडे साठ सेंटिमीटरची पेटी होती,
लेकीच्या हट्टापायी घेतलेली.
लेक ब्रनोला शिकायला गेली, पेटी राहिली,
आणि पेटीत राहिला तो लालकंठ्या,
आणला तेव्हा बोटाच्या पेराएवढा,
आता तळहातभर, गळ्याखाली निखारा.
सोबतीला अकरा निऑन होते.
सोमवारी नऊ. गुरुवारी सहा.
मी मोजत होते,
जशी महिन्याच्या वीस तारखेला मोजते
पाकिटातल्या नोटा.

"तो दुष्ट नाही," ओताकार म्हणाला.
"तोंडात मावेल ते त्याचं अन्न,
नजरेत मावेल तो त्याचा मुलूख.
तुम्ही त्याला घर दिलंत नजरेत मावेल एवढंच."

मग गाल फुगवून दाखवले त्याने, सत्तरीच्या माणसाने,
कल्ले पसरल्यासारखे हात कानांशी नेले.
"हे एवढंच करतो. गरजेल तो पडेल काय?
पण नुसता आव आणायलाही जागा लागते,
आणि समोरच्याला मागे सरकायला
त्याहून जास्त."

सोबती कोण, यावर अर्धा तास गेला.
कोळंबी नको, ती म्हणजे वाढलेलं ताट.
एंजल नको, लांब पंख बघून त्याला राहवायचं नाही.
त्याच्याहून तापट कोणी नकोच,
याचा आव, त्याचा चावा.
वरच्या पाण्यात तलवारशेपट्या, सहा,
दोन नर, चार माद्या, चपळ आणि बेफिकीर.
एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणे.
"म्यान लांब घ्या," ओताकार म्हणाला.
खाली लाकडाला चिकटून मिशाळ मांगूर, एकच.
खडी नको, वाळू. तो उकरतो,
उकरू द्या. उपडी मातीची कुंडी ठेवा,
मध्ये असा दगड, की या टोकाचं
त्या टोकाला दिसू नये.

घर चौथ्या मजल्यावर.
पाणी, काच, वाळू मिळून साडेतीनशे किलो.
खालच्या कुबिचकोवाबाई दोनदा वर येऊन गेल्या.
त्याच आठवड्यात बाबा आले कारविनाहून,
खाणीने पोखरलेल्या जमिनीवरचं घर सोडून,
भिंतीत हात जाईल एवढी भेग पडल्यावर.
आल्या आल्या माझ्या पडद्यांना नावं ठेवली,
सूप खारट म्हणाले, दार आपटलं.
मग बोटांच्या सांध्यांनी जमीन ठोकत फिरले घरभर,
एकतीस वर्षं छत ठोकून ऐकलेला माणूस.
"इथे. भार पेलणारी भिंत ही."
तिथे माझा पलंग होता.

ओताकारने शेवटचं सांगितलं होतं ते असं:
आधी दुसऱ्यांना सोडा. आठ दिवस राहू द्या.
लालकंठ्याला सगळ्यात शेवटी,
आणि त्याआधी जुना दगड, जुनी कुंडी,
सगळं हलवा. आठवण ठेवायला
त्याला एक कोपरासुद्धा मिळता कामा नये.
जुना असून त्याने
पाहुण्यासारखं आत यावं.

पलंग खिडकीखाली नेला, कपाट पॅसेजमध्ये.
रात्री पाणी प्यायला उठले
तर माझ्याच घरात गुडघा आपटला.

लालकंठ्या तीन दिवस कुंडीत होता.
चौथ्या दिवशी बाहेर आला,
काचेपलीकडे स्टूल टाकून बाबा बसलेले.
त्याने कल्ले पसरले, गळा पेटवला.
बाबांनी गाल फुगवले.
बराच वेळ कोणी हललं नाही.
तेवढ्यात एक तलवारशेपटी मधूनच गेली,
तरंगता दाणा गिळून,
या दोघांकडे न बघता.
बाबांना खोकला आला. मासा वळला,
वाळू उकरू लागला.

"याला जेवायला काय घालतेस?" बाबांनी विचारलं.
आठवडाभरात माझ्या घरातलं
नावं न ठेवता विचारलेलं
हे पहिलंच.