कोंडीकडची वाट

आसोग्याच्या खाली, मलप्रभेच्या वळणावर
मष्णूमामाची वाट होती,
करंजाच्या मुळांवरून उतरणारी,
एका पायाएवढी रुंद.

आता तिथं तार. पाटी
कन्नडमधे, खाली इंग्रजी.
पाट्यांच्या भाषेवरून आमच्यात डोकी फुटलीत,
हिच्यावर कुणी खडासुद्धा मारला नाही.

शिट्टी वाजवणारा निंगाप्पा
शाळा बुडवून मामासोबतच बसायचा इथं.
आता मान वळवून वाजवतो.

रिसॉर्टचे पाहुणे खडस पकडतात,
फोटो काढतात, परत सोडतात.
मामाला हे काही केल्या पटत नाही:
"सोडायचाच हुता तर बलिवला कशाला?"

रविवारी त्यानं गळ पुलावरून टाकला.
दोरी पुरली नाही.
पिशवीचा बंद काढून जोडला,
तरी वीतभर
पाणी खालीच.