जावळ

दसऱ्यानंतरच्या रविवारी आपण गाडीची पूजा करतो.
दुलूथमध्ये तोवर दंव पडून झेंडू काळे झालेले असतात,
म्हणून बॉनेटवर सुपरमार्केटातली शेवंती,
आणि हळदीकुंकवाची दोन बोटं. रस्त्यावर मीठ पडायला लागलं
की ती आठवड्याभरात धुऊन जातात.

मग तू ड्राइव्हवेवर पुठ्ठा टाकून बसतोस,
पांढरी काठी गॅरेजच्या दाराला टेकवून,
आणि टायरवर अंगठा फिरवतोस.
पूर्वी खाचेत नाणं घालून बघायचास.
आता नख पुरतं.
"पुढचा डावा संपलाय. याच्यावर विसंबू नकोस."
मी टॉर्च लावून पाहते.
संपलेलाच असतो.

आधी कडांना धुकं आलं, मग मधोमध.
डॉक्टरीणबाई पडदा म्हणाल्या, साखर म्हणाल्या,
आणि पार्किंगमध्ये तू किल्ली माझ्या तळहातावर ठेवलीस,
वाण्याचं जुनं बिल चुकतं करावं तशी.
मी तोवर शेजारी बसणारी.
नकाशा धरणारी, संत्री सोलणारी.

आता बॉनेट मी उघडते, तू बाजूला कान देऊन उभा.
बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी.
त्यावर कोमट पाणी आणि ढोकळ्यातून उरलेला सोडा;
फसफसून येतं, तू म्हणतोस, "लागला बघ गुण."
"फिरव किल्ली."
फिरवते.
"पुन्हा."
"झाली की सुरू!"
"झाली. पण आळस देऊन झाली. जानेवारीत उठायची नाही ही."

डिकीत फावडं, वाळूची गोणी, दोन रजया,
कॉफीच्या डब्यात जाडजूड मेणबत्ती आणि काड्यापेटी.
हा डबा शेजारच्या एइनो लाहतींनी दिलेला, झाकणावर भोकं पाडून.
टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, हेही त्यांचंच.
तुझ्या ग्लुकोजच्या गोळ्या मी पुढच्या कप्प्यात ठेवते,
मागे गोठतात आणि दाताला लागतात.

गेल्या जानेवारीत तुला तपासणीहून आणताना
उतारावर गाडी सुटली.
खाली अख्खं सरोवर, राखाडी, तोंड वासून.
ब्रेकवर पाय देऊन उभीच राहिले मी,
तो पायाखाली नुसता थरथरत होता.
तू शांतपणे म्हणालास,
"सोड ब्रेक.
जिकडे जायचंय तिकडे बघ."

तू म्हणालास. तू.

मी बघितलं. डावीकडे बर्फाचा ढीग होता, त्याच्याकडे बघितलं,
आणि गाडी म्हशीसारखी वळून त्यात जाऊन बसली.
बराच वेळ फक्त वायपर.
मग तू विचारलंस, "पुढे काय आहे?"
"कुणाचीतरी टपालपेटी."
"किती लांब?"
"लाटण्याएवढी."
तू हसलास. मला हसू येईना,
मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून
तुला, साखरेला, ह्या गावाला, मिठाच्या ट्रकला
येतील तेवढ्या शिव्या दिल्या.
तू एक गोळी चघळत ऐकत होतास.
"संपल्या का? आता रिव्हर्स टाक. हळू."

मंगळवारी नवे टायर बसतात.
गॅरेजातला पोरगा काहीतरी समजावत माझ्याशी बोलतो, तुझ्याशी नाही,
मी सवयीने मान डोलावते.
तू केव्हाच खाली बसलेला,
अंगठा खाचेत पेरभर बुडालेला,
आणि चेहरा असा, की मी पोराला म्हणते, थांब जरा.

नव्या रबरावर बारीक बारीक केस असतात.
मला हे माहीत नव्हतं.
इतकी वर्षं त्याच टायरांवर बसून फिरले.
तू माझा हात ओढून त्यांवर ठेवतोस.
"जावळ आहे अजून," म्हणतोस.
मी एक केस उपटायला जाते
तर हातावर चापट.

"राहू दे.
रस्ता काढेल."