टांकसाळीचा रकाना

बुधवारी गंगेवर बाजार भरतो
तेव्हा मी भाजीची पिशवी घेऊन निघतो
आणि विजारीच्या खिशात भिंग.
बायकोला दोन्ही माहीत आहे.

पुलाखाली, मेथीच्या जुड्यांच्या पलीकडे
ठकूबाई झारेकरीण गोणपाटावर नाणी पसरून बसते.
धरणातून आवर्तन बंद झालं
की ती गुडघाभर पाण्यात चाळण लावते.
फळलेले नवस, न फळलेले नवस,
गाळातून सगळे एकाच भावाने वर येतात.

मी नाशिकरोडला होतो, नोटांच्या छापखान्यात. एकतीस वर्षं.
छापलेला ताव उजेडात धरायचा.
शाई सांडली, आकडा सरकला, कड तिरकी गेली,
की लाल पेन्सिलीची फुली.
फुलीचा ताव भट्टीत.
दंडगव्हाळ सराफ म्हणतो, एखादी चूक घरी आणली असतीस तर
आज बंगला असता.
अरे, रोज गेटवर झडती देऊन घरी येत होतो मी.

आता चुका शोधतो, त्या ठेवायला.

गेंड्याची पावली घ्या.
पंचवीस पैसे, ज्यात आता लिमलेटची गोळीही येत नाही.
सालाखाली बघायचं.
शंकरपाळी दिसली तर मुंबई.
चांदणी, हैदराबाद.
नुसतं टिंब असेल तर नोएडा.
आणि काहीच नसेल तर कलकत्ता.
हे पटायला मला बरेच दिवस लागले.
एवढी मोठी टांकसाळ, आणि खूण नसणं हीच तिची खूण,
घरातल्या थोरल्याला जसं कुणी नावानं हाक मारत नाही.

पण ठशात वंगण साचलं तर शंकरपाळी उठतच नाही.
मग मुंबईचं पोर गुपचूप कलकत्त्याच्या रांगेत उभं राहतं.
अशा वेळी ऊन डावीकडून घ्यायचं,
नाणं किंचित कलतं धरायचं
आणि सालाच्या पोटाखाली
केसाएवढा उंचवटा लागतो का बघायचं.
मिटलेलं आणि कधीच नसलेलं
यांत तेवढंच अंतर.

आज ठकूबाईनं एक पावली बाजूला काढून ठेवली होती.
तिला साल वाचता येत नाही, अंगठ्याला मात्र कळतं.
‘हिला नख अडतंय,’ म्हणाली.
मी भिंग लावलं.
चांदणी. टोकं मोजली, पाच.
पुन्हा मोजली. सहावं होतं,
आणि त्याच्या समोर, खाली, पुसटसं सातवं.
चांदणीखाली शंकरपाळी?
मुंबईसाठी केलेला ठसा हैदराबादला गेला
आणि कुणीतरी, जेवणाच्या सुट्टीआधी, घाईघाईत
एका गावावर दुसरं गाव ठोकलं?
कानशिलं तापली.
मी उगीचच मागं वळून बघितलं, गेट आहे का.

ठकूबाई शेजारणीकडून तंबाखू घेत होती.
‘काही नाही, दगडानं चावलंय ते.
पाण्यात ऱ्हायलं की चावतं.’
तेही खरं असेल.
दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलेले किती पूर
या गेंड्यावरून गेले असतील,
एखादा गोटा नेमका तिथंच टेकला असेल.

‘काय देता?’
दंडगव्हाळ असता तर त्यानं आधी तोंड वाकडं केलं असतं.
मला ते जमत नाही.
खिशात एकशेचाळीस होते, भाजीचे.
तिनं मोजले नाहीत,
वर एक गुळगुळीत दहा पैसे दिले,
कोथिंबीर देतात तसे.

‘भाजी?’ बायकोनं विचारलं.
मी पिशवी उलटी करून दाखवली.
पिठलं झालं.

रात्री पाकीट तयार केलं.
धातू: पोलाद. वजन: पावणेतीन ग्रॅमच्या वर थोडं.
टांकसाळ:
इथं हात थांबला.
मुंबई म्हणू की हैदराबाद?
लाल पेन्सिल अजून डब्यात आहे, तिला टोकही आहे.
रकाना रिकामा सोडावा तर कलकत्ता होईल.
शेवटी साध्या शिसपेन्सिलीनं,
खोडता येईल असं, लिहिलं:
गंगा. बुधवार. ठकूबाईचा अंगठा.