शेऱ्याचा रकाना

डिसेंबरात नंदुरबारची हवासुद्धा तिखट लागते.
पथारीवर मिरच्या वाळत असतात नजर पोचेल तिथवर
आणि मी रात्रपाळीत शिंकते,
नळ्यांपासून तोंड फिरवून.

साडेबाराला नमुना आला.
मोगरी पावरा, वय अकरा,
गाव धडगावच्याही वर, जीप थांबते तिथून दोन तास पायी.
सिकलसेल. हाडं ठणकतायत, श्वास उथळ.
वॉर्डातल्या यंत्रानं, तळहातावर मावणाऱ्या,
दोन मिनिटांत सांगून टाकलं :
साखर दोनशे सत्त्याण्णव.
लॅक्टेटही भलतंच वर.
डॉक्टर देवरे नवे. फोनवर त्यांचा आवाज पळत होता,
इन्सुलिन भरून ठेवलंय, तुमचा आकडा द्या फक्त.

माझं यंत्र मोठं, म्हातारं.
पाणी पितं, घरघरतं, मग विचार करतं.
एक्क्याण्णव, म्हणालं.
मी पुन्हा लावलं.
एक्क्याण्णव.

दोन आकड्यांच्या मध्ये एक मुलगी निजलेली.

मागं एकदा शहाद्याचा पपई कापणारा आला होता.
बोट टोचलं तर साखर चारशे दहा,
हात धुऊन ये म्हटलं, तर एकशे सोळा.
सुकलालमामा अजून हसतात त्यावर,
‘ताई, मशीनले काय ठाऊक,
रगत कोनं नि रस कोना!’
पण हिची बोटं कोरडी होती,
नखं कागदासारखी.

मी खाली गेले.
आई फरशीवर बसलेली. तिला मराठी अर्धी कळते
आणि मला पावरी त्याच्याही अर्धी.
गोळी, म्हटलं, रोजची, कोणती?
ती दचकली, जणू चोरीचंच विचारलं.
मग लुगड्याच्या गाठीतून निघाली एक पट्टी
घामानं मऊ पडलेली,
चार कॅप्सूल उरलेल्या, अर्ध्या हिरव्या, अर्ध्या गुलाबी.
हायड्रॉक्सीयुरिया.
पोरीची हाडं निवावीत म्हणून
दर महिन्याला डोंगर उतरून आणलेली.

छोट्या यंत्राच्या पोटात
एक विकर साखरेची वाट बघत बसलेलं असतं.
साखर आली की ठिणगीएवढी वीज,
आणि यंत्र ठिणग्या मोजतं.
हे औषधही ठिणगी देतं. एवढंच.
अंधारात पावलं मोजत बसलेल्याला
कसं कळावं, दाराशी घरचा आला की गावचा?
लॅक्टेटचंही तेच.
खोटं कुणीच बोललं नव्हतं.
औषधसुद्धा नाही.

फोन केला. पलीकडे देवरे गप्प,
त्यांच्या मागं मॉनिटरची टिकटिक.
मग ही भरलेली सुई?
पांढऱ्या डब्यात टाका, म्हटलं,
आणि माझा हात तेव्हा कुठे थरथरला.

रजिस्टरात नाव, वय, नमुना, निकाल, सही.
शेऱ्याचा रकाना बोटभर.
त्यात मी लिहीत गेले बारीक अक्षरात :
रुग्ण हायड्रॉक्सीयुरियावर,
वॉर्डच्या यंत्राची साखर धरू
इथे रकाना संपला.
‘नये’ खालच्या ओळीत गेलं,
वसंत लोटन माळी, वय त्रेसष्ट,
यांच्या नावापुढे.
त्यांचा निकाल अजून यायचा होता.