अल वथबा, मागची वाट

फाटकावर खलफान नावं लिहून घेतो,
दुर्बीण आहे का विचारतो. नाही.
मग स्वतःचीच देतो,
तिची एक काच आतून धुरकटलेली.

पाटीवर ओठांवर बोट ठेवलेला मुलगा.
उन्हानं चेहरा उडालाय,
बोट तेवढं शिल्लक.

वाट खडीची. डावीकडे मिठाचे पापुद्रे,
उजवीकडे डोक्याहून उंच देवनळ.
गुलजमान पुढे. एरवी टँकर हाकणारा,
इथं चवड्यांवर चालतो.
'बैठ जा,' म्हणतो. बसतो,
तेव्हा कुठे मला शेकाट्या दिसतो,
पाण्यातल्या शेकाट्याच्या पायांना पाय लावून
उभा.

हे पाणी माझ्या ओळखीचं.
आठवडाभर बाटल्यांत भरून
मी त्याची आम्लता मोजतो, फॉस्फेट लिहितो, सही करतो.
शहरभरच्या मोऱ्यांतून आलेलं,
वजूच्या नळांखालून, तांदळाच्या धुवणातून,
आमच्या कॅम्पातल्या दोनशे आंघोळींतून.
माझाही साबण त्यात असणार.
प्लांटवर त्याला नुसता नंबर असतो.

इथं त्यात रोहित उभे आहेत.
चोच उलटी धरून गाळताहेत,
सकाळपासून, न थांबता,
आणि कुठंही सही नाही.

'वो काले-से क्यों?'
पिल्लं आहेत, मी सांगतो. राखीच जन्मतात.
या पाण्यातले बारके किडे खाऊन खाऊन
रंग चढायला तीनेक वर्षं जातात.
गुलजमान दुर्बीण खाली घेत नाही.
त्याची धाकटी मार्चात तीनची झाली.
टँकरच्या काचेला तिचा फोटो आहे,
स्वातहून आलेला,
तोही उन्हानं उडत चाललाय.

एकाएकी टिटवी केकाटते.
आमच्याकडे म्हणतात, टिटवी ओरडली
की कुणीतरी जातं.
तो म्हणतो, आमच्याकडे म्हणतात
पाणी जवळ आहे.
दोघंही वर बघतो.
भोवत्या पंख न हलवता देवनळावरून सरकतो
आणि अख्खं तळं
एका बाजूनं उचललं जातं, गुलाबी, काळं,
पुन्हा थोडं पलीकडे ठेवलं जातं.

परतताना खलफान वही उघडतो. रोहित किती?
गुलजमान: एकशे चाळीस.
मी: एकशे सव्वीस.
'राखी धरून?' खलफान विचारतो.
गुलजमान म्हणतो, धरून.
मी ते धरलेच नव्हते.